भोंगा उतरला तो दिवस

या घरात वर्षं कधी आकड्यांनी मोजली गेली नाहीत. थोरला जन्मला ते तबकडीच्या एकाच बाजूला गाणं असायचं तेव्हाचं वर्ष. धाकटी झाली ते तबकडीच्या दोन्ही बाजू वाजायला लागल्या ते वर्ष. आणि आई गेली ती, आबांचं ‘दार उघडं आहे’ पहिल्यांदा दुकानादुकानांत वाजलं त्या हिवाळ्यात. म्हणून तबकड्यांच्या कंपनीचा माणूस विजेवर चालणारं ध्वनिमुद्रणाचं नवं यंत्र घेऊन शहरात उतरल्याचं कळलं, तेव्हा आत्या म्हणाली, “घ्या, मोजायला अजून एक वर्ष आलं.” म्हणाली थट्टेनंच.

मंगळवारी सकाळी सगळे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जमले. लाकूडसामानाच्या गोदामावरची ती लांबट खोली आणि तिच्यापर्यंत नेणारा अंधारा बोळ, दोन्ही घरातल्या प्रत्येकाच्या पायाखालचे होते. थोरला सगळ्यांच्या पुढे होता. तो उंबरठ्यावरच थबकला.

भोंगा नव्हता. समोरच्या भिंतीतून बाहेर आलेला तो पत्र्याचा भला मोठा भोंगा, ज्याच्या तोंडात मान घालून आबा उभी हयात गायले, तो कुणीतरी उतरवून ठेवला होता आणि भिंतीतल्या भोकावर फळी ठोकली होती. उघड्या लाकडी भिंतींवर जाड पडदे आले होते. खोलीच्या मधोमध एक लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला बशीएवढी गोल डबी, आणि डबीतून निघालेली वायर काचेच्या खिडकीपलीकडच्या खोलीत गेलेली.

“एवढुशी?” आत्या मागून म्हणाली. “हिच्यात माझ्या भावाचा आवाज मावायचा कसा?”

आबा खदाखदा हसले आणि पियानोच्या तारा हलक्याशा झणझणल्या. शहरात लोक त्यांना भोंगाच म्हणत. मेणाच्या तबकडीवर सुई फिरायची आणि तिला हलवायचं काम गाणाऱ्याच्या आवाजानेच करायचं असायचं, दुसरं काही नव्हतंच तिथे. हळू गाणारी माणसं भोंग्याला ऐकूच जात नसत. आबांचं उलट होतं. त्यांनी सूर चढवला की सुई मेणावरून उडायची. म्हणून आत्या त्यांच्या पाठीशी उभी राहायची, दोन्ही हात धाकट्या भावाच्या खांद्यांवर. सूर चढला की मागे ओढायची, उतरला की पुढे ढकलायची. तबकडीवर नाव आबांचं, पण त्यातलं निम्मं श्रेय आपलं, असं तिचं म्हणणं होतं आणि ते काही खोटं नव्हतं.

थोरल्याने दोन पेट्या आणल्या होत्या. एकीत पत्र्याचा कर्णा जोडलेलं व्हायोलिन. साधं व्हायोलिन भोंग्याला पुरत नाही म्हणून इतकी वर्षं तो हेच वाजवत आला होता, आणि त्याचा तो नाकात बोलल्यासारखा आवाज त्याला आता नकोसा झाला होता. दुसरीत खरं व्हायोलिन होतं. त्याने दुसरी पेटी उघडली.

“ते कशाला?” आबांनी विचारलं.

“आता हेही ऐकू जातं म्हणतात.”

“म्हणणाऱ्यांचं काय जातंय? कर्ण्याचं काढ.”

काचेच्या खोलीच्या दारात कंपनीचा माणूस उभा होता. किडकिडीत, सर्दीने नाक लाल झालेलं. “साधंच हवंय,” तो म्हणाला. “कर्णा मुळीच नको.”

थोरल्याने बापाकडे न बघता गज ताणायला घेतला. पियानोवर बसलेल्या वहिनीने मात्र सासऱ्यांचा चेहरा पाहिला आणि शेजारी तिची पानं उलटायला बसलेल्या धाकटीच्या कानाशी लागली. “वन्सं, आज काही धडगत दिसत नाही.”

“गप्प बस गं,” धाकटी पुटपुटली. तिला दुपारी टेलिफोन एक्सचेंजमध्ये कामावर जायचं होतं. तोवर सगळं नीट पार पडलं म्हणजे झालं, एवढीच तिची इच्छा होती.

*

नीट काहीच पार पडलं नाही.

पहिल्या मेणावर आबांनी ‘दार उघडं आहे’ असं गायलं की खाली गोदामातल्या हमालांनी ओझी टेकवून टाळ्या वाजवल्या. कंपनीच्या माणसाने ते मेण वाजवून दाखवलं. एकदा वाजवलं की मेण बाद होतं, पण ऐकल्याशिवाय कळणार कसं? काचेपलीकडच्या यंत्राच्या कर्ण्यातून जे आलं ते ऐकून आत्याने कानांवर हात ठेवले. आबांच्या आवाजाच्या जागी नुसता फाटका पत्रा वाजत होता.

“तुमचं यंत्र बिघडलंय,” आबा म्हणाले.

“यंत्र ठीक आहे. तुमच्या आवाजाने खाच शेजारच्या खाचेत घुसतेय. हळू गा.”

“हळू म्हणजे?”

“शेजारी बसलेल्या माणसाशी बोलता तसं.”

“मी शेजारी बसलेल्या माणसाशीही असाच बोलतो!”

ते खरंच होतं. वहिनीने हसू दाबायला रुमाल तोंडाला लावला.

दुसऱ्या मेणाच्या वेळी आत्याने पदर खोचला आणि नेहमीसारखी भावाच्या मागे उभी राहिली. वरच्या सुरावर तिने त्यांना हातभर मागे खेचलं. भोंग्याला हातभर पुष्कळ झालं असतं. या डबीला नाही झालं. तेही मेण गेलं. तिसऱ्या वेळी कंपनीच्या माणसाने आबांना पार पलीकडच्या भिंतीला नेऊन टेकवलं. या खेपेला आवाज फाटला नाही, पण ऐकताना सगळेच एकमेकांकडे बघायला लागले.

“कुणीतरी रस्त्यावरून हाका मारतंय असं वाटतं,” शेवटी थोरला म्हणाला.

“तुला तर तेच ऐकायचं होतं,” आबा म्हणाले.

कंपनीच्या माणसाने नाक पुसलं. मेणं उबेत ठेवायच्या कपाटाचं दार उघडून त्याने आत बघितलं आणि लावून टाकलं. “एकच मेण उरलंय. संध्याकाळच्या बोटीने मला निघायचंय. पुढच्या शहरात दोन मंडळी थांबलीत.” मग जरा नरमाईने म्हणाला, “तुम्हाला फसवून काय मिळणार मला? विक्रीच्या पुढच्या यादीत कंपनी भोंग्यावरची तबकडी घेणार नाही. एकही. ज्याचं गाणं विजेवर झालं तोच यादीत राहील.”

आबांनी खुंटीवरचा कोट काढला. तो अंगात न घालताच हातावर घेऊन उभे राहिले.

“धाकटीला गाऊ दे,” थोरला म्हणाला.

आत्या त्याच्यावर उसळलीच. “शुद्धीवर आहेस का? शेवटचं मेण! तिचा आवाज या खोलीतून त्या खोलीत जात नाही.”

“म्हणूनच म्हणतोय.”

“आणि गाणं कुणाचं? बापाचं गाणं बाप उभा असताना पोरीच्या तोंडी द्यायचं? उद्या लोक काय म्हणतील, भोंगा फुटला?”

“आत्याबाई,” वहिनी पियानोवरूनच म्हणाली. या घरात आल्यापासून तिने आत्यापुढे चढा शब्द काढला नव्हता. “यादीतून नाव गेलं तर लोक काहीच म्हणणार नाहीत. विसरतील. ते बरं का?”

“तू मध्ये पडू नकोस.”

“मी मध्येच आहे. लग्न होऊन आल्यापासूनच्या सगळ्या तबकड्यांवर पियानो माझा आहे.”

धाकटी उभी राहिली होती. “मला विचारणार आहे का कुणी?” ती म्हणाली, पण इतकं हळू, की तिच्या शेजारच्या वहिनीखेरीज कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

पंधरा वर्षांची असताना तिला याच खोलीत भोंग्यापुढे उभं केलं होतं. मेण वाजवल्यावर त्यातून नुसती घासण्याची खरखर आली होती. सगळे हसले होते, प्रेमानेच. आबांनी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, “जाऊ दे पोरी, सगळ्यांनाच कुठे छाती असते?” त्यानंतर ती लोकांपुढे गायली नाही. घरात, स्वयंपाक करताना, वेणी घालताना, तेवढंच.

*

आबा त्या भांडणातून निघून काचेच्या खोलीत गेले. चिडले म्हणून नव्हे. त्यांना बसायचं होतं, आणि खुर्ची तिकडे होती.

त्या खोलीत यंत्रावर काचेच्या नळ्यांसारखे काही दिवे लालसर पेटलेले होते आणि एका कोपऱ्यात काळा कर्णा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. कंपनीचा माणूस बाहेरच्या खोलीत वायरी गुंडाळायच्या तयारीत होता. आबांनी कोट मांडीवर घेतला. आपण किती वर्षं गातोय याचा त्यांनी मनाशी विचार केला आणि तो अर्ध्यावर सोडून दिला. गळा तोच होता. छाती तीच होती. काल हमाल टाळ्या वाजवत होते, आज सकाळीही वाजवल्या होत्या. मग एकाएकी बिघडलं काय, ते त्यांना उमगत नव्हतं. कुस्तीच्या पैलवानाला कुणी सुईत दोरा ओवायला सांगावं आणि तेवढ्यावरून त्याला हरला म्हणावं, असं काहीसं वाटत होतं.

“काहीतरी बोला बाई, निघण्याआधी बघू तरी कसं येतं,” बाहेर कंपनीचा माणूस म्हणत होता. ते काचेतून आलं नाही, कोपऱ्यातल्या कर्ण्यातून आलं.

“काय बोलू?”

आबा दचकले. आवाज त्यांच्या कानाशी होता.

“काहीही.”

“नमस्कार, कोणता नंबर देऊ?” कर्णा म्हणाला आणि वहिनी हसल्याचं ऐकू आलं. एक्सचेंजमध्ये धाकटी दिवसभर हेच म्हणायची. तिथे हळूच बोलावं लागतं. ओरडणाऱ्याचं तारेवर काही कळत नाही. ती त्या बशीएवढ्या डबीला बुजलीच नाही. अशीच डबी रोज तिच्या ओठांपुढे असायची.

पियानोचे चार सूर आले. वहिनीने मुद्दामच वाजवले असणार. आणि मग धाकटी गायली. एकच ओळ.

*दार उघडं आहे, दिवा पुढे ठेवला आहे…*

आबांनी हे गाणं किती वेळा गायलं असेल याला गणती नव्हती. मैदानात गायलं होतं, लग्नांत गायलं होतं, बोटींच्या धक्क्यावर गायलं होतं. पण हे गाणं एका बाईचं आहे, ती रात्रीची घरात एकटी बसून कुणाची तरी वाट बघते आहे आणि मुलं जागी होतील म्हणून हळू बोलते आहे, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ओळ संपल्यावर तिने घेतलेला श्वासही कर्ण्यातून आला. त्या श्वासातही गाणं होतं.

ही घरात गुणगुणायची तेव्हा मी काय करत होतो? आबांनी स्वतःला विचारलं. उत्तर सोपं होतं. ते स्वतः गात असायचे.

ते उठले. कोट खुर्चीवरच राहिला.

बाहेर आत्या पुन्हा थोरल्याला सुनावायला लागली होती. “पालथ्या घड्यावर पाणी! किती सांगितलं तरी—”

“ताई,” आबा म्हणाले. “पुरे. पोरगी गाईल.”

आत्याने वळून भावाच्या तोंडाकडे बघितलं. तिने त्याला जिंकताना पाहिलं होतं, रागावताना पाहिलं होतं, बायकोच्या मागे रडतानाही पाहिलं होतं. हे तोंड तिने पाहिलं नव्हतं. तिचा राग ओसरला.

“आबा, मी तुमचं गाणं नाही घेणार,” धाकटी म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

“घेतलंस की. मी आत ऐकलंय.”

“मग तुम्ही काय करणार?”

“मी ऐकणार. तेवढं एक राहिलं होतं करायचं.”

“ऐकत कशाला बसतोस?” आत्या एकदम म्हणाली. सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती मात्र खोलीची लांबी बघत होती. मग दार, मग दारापलीकडचा बोळ. “अरे, मघाशी थोरला काय म्हणाला? रस्त्यावरून कुणीतरी हाका मारतंय. बरोबर आहे ना! गाण्यात दुसरं माणूस आहेच की रस्त्यावर. ‘आलो गं, आलो’ म्हणणारं. इतकी वर्षं तू एकटाच दोघांचं गायलास, म्हणून कुणाला कळलं नाही. ती दिव्यापाशी आहे. हा लांबून येतोय. हिला डबीपाशी उभं करा आणि याला न्या तिकडे, बोळाच्या टोकाला!”

कंपनीच्या माणसाने हातातली वायर खाली ठेवली. “आणि शेवटच्या कडव्यात?” त्याने विचारलं. “तोवर घरी पोचायला हवा.”

“चालत येईल.”

“पाऊल वाजलं तर मेण गेलं. आणि जवळ येताना आवाज तसाच राहिला तरी गेलं.”

“बूट काढेल. आणि आवाजाचं मी बघते,” आत्या म्हणाली. “मागून धरायला मी आहे ना.”

थोरला हसत सुटला. “आत्या, तू मघाशी कुणाच्या बाजूने होतीस?”

“गाण्याच्या,” आत्या म्हणाली. “तू सूर लाव.”

*

मुद्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला.

धाकटीला दिसत होतं ते असं: वहिनीची बोटं, थोरल्याच्या हनुवटीखालचं खरं व्हायोलिन, आणि उघड्या दारातून लांबवर बोळात दोन आकृत्या, एकीचे हात दुसरीच्या खांद्यांवर. काचेपलीकडे कंपनीच्या माणसाने सुई मेणावर टेकवली आणि बोट उचललं.

व्हायोलिन सुरू झालं, आणि धाकटीला क्षणभर आपली ओळ विसरते की काय असं झालं. इतकं ते मऊ होतं. भाऊ इतकी वर्षं कशासाठी कुढत होता ते तिला तेव्हा कळलं. मग ती गायली. छाती नव्हती तिला, नव्हतीच. ती डबीशी बोलल्यासारखी गायली, दिवसभर अनोळखी माणसांच्या कानाशी बोलते तशी. दिवा पुढे ठेवला आहे. पाणी भरून ठेवलं आहे. कुठवर आलास?

“आलो गं, आलो!”

बोळाच्या टोकावरून आबांनी पूर्ण छातीने हाक दिली. जराही हात आखडला नाही. आवाज बोळातून घुमत आला, भिंतींना घासत, आणि खोलीत शिरेपर्यंत खरोखरच लांबचा झाला. काचेपलीकडे कंपनीच्या माणसाची मान वर झाली. त्याने आवाज मोजणाऱ्या काट्याकडे बघितलं, हसला, आणि शिंक यायला लागली म्हणून दोन्ही हातांनी नाक दाबून धरलं.

दुसरं कडवं. आबा चालायला लागले. आत्याच्या हातांखाली भावाचे खांदे फुलत होते, श्वास भरत होते, आणि ती एकेक पावलागणिक बोटं दाबत होती: कमी कर, अजून कमी. भोंग्याच्या दिवसांत ती शरीर मागे ओढायची. आज ती शरीर पुढे नेत होती आणि आवाज मागे ओढत होती. दाराशी आले तेव्हा आवाज अंगणातल्या माणसाचा झाला होता. उंबरठ्याच्या आत तो घरातल्या माणसाचा झाला. तिथे तिला वाटलं, आता नाही जमायचं त्याला, इथून खाली तो उभ्या जन्मात गायलेला नाही. तिने हात काढून घेतले.

आबा एकटे पुढे आले आणि लेकीच्या खांद्याशी उभे राहिले. शेवटची ओळ दोघांची होती. ती त्यांनी इतकी हळू गायली की थोरल्याचा गज तारेवर जेमतेम टेकला. “आलो गं.” एवढंच. गळ्यात किंचित खरखर होती, थकून घरी आलेल्या माणसाची असते तशी.

व्हायोलिन थांबलं. पियानोचा शेवटचा सूर विरून जाईपर्यंत कुणी पापणी हलवली नाही. लाल दिवा विझला.

आणि कंपनीचा माणूस एवढ्या मोठ्याने शिंकला की वहिनी किंचाळलीच. मग तो दार उघडून बाहेर आला, डोळ्यांतून पाणी काढत; सर्दीचं की कसलं, कळत नव्हतं. “वाजवून दाखवणार नाही,” तो म्हणाला. “याला सुई लावायची नाही. हे असंच जाणार.”

“पण चांगलं झालंय हे कशावरून?” थोरल्याने विचारलं.

“मी आत होतो ना! मी बऱ्याच शहरांत गेलोय. लांबून माणूस चालत घरी आलेला अजून कुणी तबकडीत घातलेला नाही.”

आत्याने भावाच्या पाठीत एक दणका घातला. आबा मोठ्याने हसले, अगदी पूर्वीसारखे, आणि पियानोच्या तारा पुन्हा झणझणल्या. खाली हमालांपैकी कुणीतरी ओरडून विचारलं, “काय झालं हो वर?”

“गाणं झालं!” आबांनी खिडकीतून सांगितलं, आणि ते अर्ध्या रस्त्याला ऐकू गेलं.

*

तबकडी झाडांना नवी पालवी आली तेव्हा आली. चौकातल्या वाद्यांच्या दुकानदाराने विजेचं वाजवायचं यंत्र नुकतंच आणलं होतं आणि तो दार उघडं टाकून दिवसभर तेच वाजवत होता. घरचे सगळे एकत्रच निघाले, पण आबा चालीने पुढे होते. चौकात ही गर्दी. एरवी त्यांची तबकडी लागली की लोक लांब उभे राहूनच ऐकत, आपसांत बोलत, हसत, मोठ्याने साथ देत. आज लोक दाराशी दाटीवाटीने उभे होते आणि कुणीच बोलत नव्हतं. टोपली घेतलेल्या बाया, कारखान्यातून सुटलेली माणसं, एक टपालवाला सायकल तशीच धरून. सगळे जरा पुढे वाकलेले. दुकानातून धाकटीचा आवाज येत होता आणि प्रत्येकाला तो आपल्या एकट्यासाठीच आहे असं वाटत होतं.

मागून वहिनीने धाकटीचा हात घट्ट धरला. थोरला व्हायोलिनची एकेक जागा बोटांनी स्वतःच्या बाहीवर वाजवत होता. आत्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगायला लागली होती की बोळात मागे कोण होतं.

मग लांबून ती हाक आली आणि गर्दीतली दोन-तीन माणसं खरोखरच वळून रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागली. हसू पसरलं. हाक जवळ येत गेली, दाराशी आली, घरात आली, विझल्यासारखी हळू झाली. टपालवाल्याने डोक्यावरची टोपी काढली.

“पुन्हा लाव!” लोक ओरडले. “पुन्हा लाव!”

आबांच्या पुढ्यात एक म्हातारी उभी होती. तिने वळून त्यांना विचारलं, “बाई तर काय गाते हो! पण मागून येतो तो माणूस कोण?”

वीस वर्षांत या शहरात आबांना कुणी ओळखलं नाही असं झालं नव्हतं. त्यांनी छाती भरून घेतली, आणि मग, म्हातारीच्या कानाला त्रास नको म्हणून, हळूच म्हणाले, “तिचा बाप.”